तंजावूर : दगडावर, ताडपत्रावर आणि मोडीत लिहिलेलं गाव

बृहदीश्वराच्या आवारात पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. गाभाऱ्यावरच्या शिखराला दक्षिणेत विमान म्हणतात. इथलं विमान सुमारे २०० फूट उंच आहे आणि सगळं दगडी. हजार वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्याला मधाचा रंग आला आहे. पाहुणे फोटो काढतात, नंदीपुढे उभे राहतात आणि प्रदक्षिणेला लागतात.

प्रदक्षिणेत नैऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ लागतं. मराठी माणसाची पावलं तिथे अडतात. सबंध मंदिरभर दगडांवर तमिळ अक्षरं पाहत आल्यावर या बाजूच्या भिंतीवर अचानक देवनागरी दिसू लागते. ओळींमागून ओळी, फळीमागून फळी. आधी वाटतं, एखादं संस्कृत स्तोत्र असेल. मग एखादं क्रियापद ओळखीचं निघतं, एखादा 'राजे' दिसतो आणि उमगतं, हे मराठी आहे. कावेरीच्या काठी, चोळांच्या भिंतीवर कोरलेलं मराठी.

हे भोसलेवंशचरित्र. तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी ते रचलं आणि डिसेंबर १८०३ मध्ये ते दगडावर चढलं. भोसल्यांच्या मूळपुरुषांपासून शहाजीराजे, शिवाजी महाराज, एकोजीराजे आणि पुढे थेट सरफोजींपर्यंतची हकिकत इथे सांगितली आहे. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. त्यातल्या साऱ्याच सनावळ्या इतिहासकारांना मान्य नाहीत. आपलं घराणं कुठून आलं, हे राजानं देवाच्या दारात लिहून ठेवलं, ही गोष्ट मात्र खरी.

तंजावूरला निघालेल्यानं म्हणूनच डोळ्यांबरोबर वाचायची तयारीही न्यावी. इथे ज्यांनी ज्यांनी राज्य केलं, त्या सगळ्यांना लिहून ठेवायची सवय होती. कोणी दगडावर लिहिलं, कोणी ताडपत्रावर, कोणी मोडीत. त्यातला बराच मोठा भाग मराठी माणसाच्या वाट्याचा आहे.

राजराजाचा हिशेब

मंदिर बांधलं पहिल्या राजराज चोळानं. इ. स. १०१० मध्ये त्याच्या विमानावर कळस चढला. तंजावूरच्या आसपास दूरवर नुसती भातशेती आहे, मोठा दगड मिळत नाही. तरीही अख्खं मंदिर कठीण ग्रॅनाइटचं आहे, म्हणजे शिळा लांबून ओढून आणाव्या लागल्या. शिखरावरचा दगड कित्येक कोस लांबीच्या उतरत्या भरावावरून वर चढवला, अशी लोककथा इथले वाटाडे सांगतात. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, हेही ते हमखास सांगतात. सावली पडते. दुपारी थोडा वेळ तिथे बसणाऱ्याला ती दिसते, आणि पाय भाजत असताना त्या सावलीचं मोलही कळतं.

या मंदिराची खरी नवलाई जोत्याच्या पट्ट्यांवर आहे. आपण दिलेल्या, थोरल्या बहिणीनं दिलेल्या, राण्यांनी आणि इतरांनी दिलेल्या सगळ्या देणग्या दगडावर कोराव्यात, असं राजराजानं फर्मावलं. ती थोरली बहीण म्हणजे कुंदवै. हुकूम अक्षरशः पाळला गेला. कोणता दागिना किती वजनाचा, त्यात मोती किती, कोणत्या गावानं किती भात घालायचं, हे सगळं दगडावर आहे. वजनासाठी वापरलेल्या दगडाचं नावही लिहिलंय, 'आडवल्लान', म्हणजे नृत्यात निपुण असलेला शिव. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या दिल्या जात. ज्याच्याकडे त्या राहत, त्यानं रोज ठरलेलं तूप देवळात पोचवायचं.

मंदिरात नाचण्यासाठी वेगवेगळ्या गावांच्या देवळांतून ४०० स्त्रिया आणून वसवल्या होत्या. त्यांची नावंही कोरलेली आहेत. कोणती कोणत्या गल्लीत, कोणत्या रांगेत, कितव्या घरात राहते, हा पत्तासुद्धा आहे. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाकाठी १०० कलम (धान्याचं तमिळ माप) भात होतं. त्यांच्यापाठोपाठ गाणारे, वाजवणारे, हिशेबनीस, शिंपी, कुंभार, न्हावी अशी यादी चालू राहते. हजार वर्षांपूर्वीच्या नर्तकीच्या घराचा क्रमांक आज वाचायला मिळतो, अशी ठिकाणं जगात फार नसतील.

गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद बोळातली चित्रं १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकाच्या नजरेला पडली. वर, मराठ्यांआधी इथे राज्य केलेल्या नायक राजांच्या काळातली रंगवलेली भिंत होती. तिचा पोपडा सुटला होता आणि आतून चोळकाळातले चेहरे डोकावत होते. पुढे पुरातत्त्व खात्यानं वरचा नायककालीन थर काही ठिकाणी अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर जपला आणि खालची चोळचित्रं मोकळी केली. कोणताच थर पुसावा लागला नाही. या बोळात आणि वरच्या मजल्यावर सर्वांना जाऊ देत नाहीत, पण आवारातल्या छोट्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रं आहेत. वरच्या मजल्यावर नृत्यातल्या १०८ करणांची शिल्पं कोरायला घेतली होती. ८१ झाली. उरलेल्यांसाठी बसवलेले दगड आजही कोरेच आहेत.

मंदिराला १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तरी ते संग्रहालय झालेलं नाही, पूजा रोज चालते. ५ फेब्रुवारी २०२० रोजी २३ वर्षांनी इथे कुंभाभिषेक झाला, तेव्हा शहर माणसांनी भरून गेलं होतं. आणखी एक गोष्ट मराठी पाहुण्याला सहसा ठाऊक नसते. तंजावूर राजवाडा देवस्थानाखाली ८८ देवळं येतात, बृहदीश्वर त्यांतलंच एक, आणि या देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्त आजही भोसले घराण्यातले आहेत.

एकोजीराजे आले आणि राहिले

शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी हे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांनी तंजावूरच्या नायकांचा पाडाव केला. तंजावूरच्या नायक घराण्यातल्या वारसाला गादी मिळवून द्यावी म्हणून विजापूर दरबारानं एकोजींना दक्षिणेत धाडलं. त्यांनी गादी मिळवून दिली आणि थोड्याच दिवसांत, १६७५ च्या सुमाराला, स्वतःच तिच्यावर बसले. दोन वर्षांनी दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीपाशी आले तेव्हा दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतल्या वाट्यावरून ती बिनसली. पण एकोजींची गादी टिकली आणि पुढची १८० वर्षं, १८५५ पर्यंत, तंजावूरवर भोसल्यांचं राज्य राहिलं.

या घराण्यानं तमिळ मुलखात मराठी आणली, पण इथली भाषा हटवली नाही. दरबारात तेलुगू काव्याचा मान नायकांच्या काळापासून होता, तो तसाच राहिला. मंदिरात तमिळ, शास्त्रात संस्कृत, दफ्तरात मोडी. एकोजींचे पुत्र शाहजीराजे तेलुगूत लिहीत आणि मराठीतही. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांच्या नावावरचं मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचं. विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवलं ते १८४३ साली. मराठी नाटकाची गोष्ट सांगताना सांगलीच्या कितीतरी आधी तंजावूरला थांबावं लागतं, ते यासाठी.

राजवाडा आणि सरस्वतीचं घर

मंदिरापासून वीसेक मिनिटं चालत गेलं की राजवाडा लागतो. त्याची मूळ बांधणी नायकांची, सोळाव्या शतकातली. मराठ्यांनी त्यात भर घातली. बाहेरून पाहणाऱ्याची थोडी निराशा होते, कारण कुठे दुकानं, कुठे कचेऱ्या, कुठे पडझड. आत गेल्यावर चित्र बदलतं. मराठा दरबार महालाच्या जाड खांबांवर आणि कमानींवर रंगीत वेलबुट्टी आहे. सर्जा माडी, घंटेचा मनोरा, शस्त्रागाराचा मजल्यांमागून मजले चढत जाणारा बुरूज असं सगळं एकाच परिसरात पाहता येतं. कलादालन १९५१ मध्ये सुरू झालं. पंचक्रोशीतल्या गावांत, शेतात, पडक्या देवळांत सापडलेल्या चोळ काळातल्या कांस्यमूर्ती इथे आहेत. कोपराचा एक हलकासा बाक, कमरेचा एक झोका, आणि धातू श्वास घेऊ लागतो. तिथेच पांढऱ्या संगमरवरात सरफोजीराजे हात जोडून उभे आहेत.

याच आवारात तंजावूर महाराजा सरफोजी सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळात ते राजाचं पोथीघर होतं. त्याचं आजचं वैभव सरफोजींचं. १८२० च्या सुमाराला ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. यात्रेकरू गंगाजल आणतात. सरफोजींनी त्याबरोबर पोथ्या आणल्या. जिथे पोथी विकत मिळेना, तिथे पंडित बसवून नक्कल करून घेतली. त्या यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या आणि ग्रंथालयानं त्या 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' या नावानं छापल्या.

ग्रंथालयात संस्कृत हस्तलिखितं तीस हजारांच्या वर आहेत. तमिळ आणि तेलुगू पोथ्या आहेत, आणि मराठी हस्तलिखितं तीन हजारांहून अधिक. राजांनी जमवलेली इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकं हजारोंनी आहेत. मोडी कागदांचे गठ्ठे तर शेकड्यांनी. ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मूळ पोथ्या सहज आलेल्या पाहुण्याच्या हाती देत नाहीत, पण लागूनच असलेल्या संग्रहालयात ताडपत्रं, जुने नकाशे आणि चित्रं काचेआड मांडलेली असतात.

त्यात काही पानं डोळ्यांची आहेत. सरफोजींनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकाची संस्था उभी केली होती. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपी वैद्यक यांची माणसं तिथे एकत्र काम करत. गुण देणाऱ्या औषधांची कृती पुढे तमिळ पद्यात बांधून ठेवली, म्हणजे वैद्याला ती पाठ राहावी. राजांना नेत्रचिकित्सेत विशेष रस होता. रुग्णाचं नाव, तक्रार, केलेला उपचार यांच्या नोंदी आणि सोबत रंगवलेला आजारी डोळा, असे कागद अजून शिल्लक आहेत. बुबुळावरचा पांढरा डाग, सुजलेली पापणी, लालसर शिरा, चित्रकारानं काही म्हणता काही सोडलेलं नाही. हे राजेरजवाड्यांचे डोळे नव्हेत. दोनशे वर्षांपूर्वी उपचाराला आलेल्या साध्या माणसांचे आहेत.

छापखान्याचीही तीच कहाणी. बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं. त्याच दशकात तंजावूरच्या राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालू होता आणि इसापच्या गोष्टींचा 'बालबोधमुक्तावली' हा मराठी अनुवाद तिथे निघाला. तो सखण्णा पंडितांनी केला होता. मुंबईत मराठी शालेय पुस्तकं निघू लागली, ती याच्या बरीच नंतर.

राज्य नसलेला राजा

सरफोजींनी हे सगळं केलं तेव्हा त्यांच्या हाती राज्य नव्हतं. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. तुळजाराजे त्याच वर्षी वारले, गादी चुलते अमरसिंह यांच्याकडे गेली आणि या मुलाच्या जिवाची काळजी करावी अशी वेळ आली. त्याला सांभाळलं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं. इंग्रजी, गणित, शास्त्रं यांची गोडी त्याच काळात लागली. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीनं तह लिहून घेतला. मुलूख आणि महसूल कंपनीकडे गेला, राजांकडे किल्ला आणि वर्षासन राहिलं.

मंदिराच्या शेजारी शिवगंगा बागेत एक छोटं चर्च आहे. ते १७७९ चं, लोक त्याला श्वार्ट्झ चर्च म्हणतात. आत भिंतीवर एक संगमरवरी शिल्प आहे. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर पडले आहेत आणि सरफोजींनी त्यांचा हात हातात घेतला आहे. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन, म्हणजे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये नेल्सनचं स्मारक ज्यानं घडवलं तोच. हे शिल्प राजांनी विलायतेतून करून आणवलं आणि श्वार्ट्झ यांच्या थडग्यासाठी इंग्रजी ओळी स्वतः लिहिल्या. पगडी घातलेला मराठी राजा, पाद्र्याची खाट आणि पलीकडे चोळांचं विमान. तंजावूर थोडक्यात समजून घ्यायचं तर ही जागा पुरेशी आहे, आणि बहुतेक सहली तिच्यावरून पुढे निघून जातात.

गावाबाहेर पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र आहे. आपण ज्याला अन्नछत्र म्हणतो, तेच इथे 'चत्रम्'. रामेश्वराला जाणाऱ्या वाटेवर तंजावूरच्या राजांनी आणि राण्यांनी अशी छत्रं बांधली होती. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिय सहचरी. तिच्या नावानं बांधलेल्या या छत्राला हत्ती-घोडे ओढत असलेल्या रथाचा आकार आहे. कंपनी छत्रांचं उत्पन्नही घेईल की काय, अशी भीती निर्माण झाली तेव्हा सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचं काम समजावून सांगितलं. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला जेवण मिळतं. आजारी पडला तर वैद्य येतो. वाटेत बाई बाळंत झाली तर तिची सोय होते. आईबाप दगावले तर पोरक्या मुलाला छत्र वाढवतं आणि शिकवतं. राजकीय हक्कांवर पाणी सोडलेला हा राजा छत्रांसाठी मात्र कळवळून लिहितो.

त्याच रस्त्यानं समुद्रापर्यंत गेलं की मनोरा दिसतो. तंजावूरपासून सुमारे ६५ किलोमीटर. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनी १८१४-१५ मध्ये किनाऱ्यावर हा अनेक मजली बुरूज उभारला. तमिळमध्येही त्याला 'मनोरा'च म्हणतात. आजूबाजूला खाजण, मासेमारीच्या होड्या आणि वारा.

सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्र न होता वारले आणि डलहौसीच्या कारकिर्दीत तंजावूर खालसा झालं. राणी कामाक्षीबाईसाहेब खासगी मालमत्तेसाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. १८५९ च्या निकालात त्या हरल्या. ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही, असं निकालानं ठरवलं. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजही वाचतात.

मेण, माती, फणस

तंजावूरची कारागिरी दुकानातून पाहण्यापेक्षा घडताना पाहावी. कुंभकोणमच्या अलीकडे स्वामीमलै आहे. चोळ पद्धतीच्या मूर्ती इथले स्थपती आजही ओततात. मापासाठी फूटपट्टी नसते. नारळाच्या झावळीची एक पट्टी घ्यायची, मूर्तीच्या उंचीएवढी कापायची आणि तिच्या घड्या घालत जायच्या. घडी म्हणजे ताल. चेहरा किती, मान किती, छातीपासून बेंबीपर्यंत किती, हे त्या घड्या सांगतात. मग मेणात राळ मिसळून मूर्ती करायची, अगदी पैंजणाच्या घुंगरापर्यंत. तिच्यावर कावेरीच्या गाळाची बारीक माती लिंपायची, मग जाडसर मातीचे थर, मग तारा. वाळलं की भाजायचं. मेण वितळून भोकातून वाहून जातं आणि आत मूर्तीची पोकळी राहते. तिच्यात वितळलेला पंचधातू ओततात. निवल्यावर साचा फोडायचा. साचा फुटतो, त्यामुळे दुसरी मूर्ती हुबेहूब तशी होत नाही.

तंजावूरच्या चित्रांची रीत वेगळी. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूच्या भुकटीचा आणि डिंकाचा लेप देऊन दागिने, कमानी, प्रभावळ उठावाची करायची. त्यात काचेचे खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख दाबायचा आणि शेवटी रंग. लोणी खाणारा गुबगुबीत बाळकृष्ण या चित्रांत हटकून असतो. मराठा दरबारात या शैलीला बहर आला. तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची. पितळी ताटावर चांदीची नक्षी बसवलेलं तंजावूर ताट, मान डोलावणारी बाहुली, हे सगळं इथलंच. बाहुलीला 'तलैयाट्टि बोम्मै' म्हणतात. बोटानं टिचकी मारली की डोकं, कंबर, घागरा वेगवेगळे डोलतात.

सूर आणि सारभात

कर्नाटक संगीत ज्याला आवडतं, त्यानं १३ किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला जावंच. तिथे कावेरीकाठी संत-संगीतकार त्यागराजांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीच्या सुमारास इथे आराधना होते आणि शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती एकसाथ गातात. समाधीवरचं मंदिर बंगलोर नागरत्नम्मा यांनी आपल्या कमाईतून बांधलं. आराधनेत स्त्रियांना गाऊ देत नसत, तेव्हा त्यासाठी झगडलेल्या याच बाई. सरफोजींनी दरबारी येण्याचं निमंत्रण पाठवलं आणि त्यागराजांनी ते नाकारलं, ही आख्यायिका इथे सगळे सांगतात. तंजावूरकरांना तिचा राग नाही, राजाच्या गावानंच ती जपली आहे.

चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ सरफोजींच्या दरबारी होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूनं सुरू होऊन तिल्लान्यावर संपतो, तो क्रम या भावांनी बांधून दिला. त्या नृत्यासाठी सरफोजींच्या नावावर मराठी रचनाही आहेत. तमिळ हरिकथेत तर मराठी कीर्तन थेट मिसळलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावूरला आले आणि त्यांचं कीर्तन ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं तमिळ भागवतरांच्या तोंडी तेव्हापासून आहेत. तमिळ घरांतल्या भजनात तुकोबांचा अभंग ऐकू आला तर आश्चर्य वाटायला नको.

खाण्यातही हेच. तमिळ स्वयंपाकातली रसवांगी म्हणजे आपल्या वांग्याचीच. 'पिटलै' हे नाव पिठल्यावरून आलं, असं मानतात. संभाजीराजे तंजावूरला आले असता आमसूल संपलं, आचाऱ्यानं चिंच घातली आणि सांबार झालं, ही दंतकथा हॉटेलातला वाढपीसुद्धा ऐकवतो. दंतकथा बाजूला ठेवली तरी तंजावूरच्या मुदपाकखान्याचे लेखी पुरावे भरपूर आहेत. एकोजींची राणी दीपाबाई यांच्या आश्रयानं रघुनाथ नवहस्त पंडितांनी 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. सरफोजींच्या स्वयंपाकघरातल्या कृती 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून छापून मिळतात.

एका दिवसाच्या वाटा

तंजावूर मुक्कामाला ठेवून रोज एक दिशा धरावी. कुंभकोणम ४० किलोमीटरवर आहे. बारा वर्षांनी तिथे महामहमचं स्नान असतं. २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये. कुंभकोणमच्या अलीकडे दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर, दुसऱ्या राजराजाच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आकारानं ते बृहदीश्वरापुढे लहान, पण नक्षी इतकी बारीक की एकेका खांबापाशी तासभर जावा. मंडपाला चाकं आणि घोडे आहेत, म्हणजे दगडाचा रथच. उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर गंगैकोंडचोळपुरम. राजराजाचा मुलगा राजेंद्र यानं गंगेपर्यंत स्वारी नेली आणि त्या विजयाची नवी राजधानी इथे वसवली. राजधानी गेली, मंदिर उरलं. बापाच्या मंदिरापेक्षा ते थोडं बुटकं आहे. बापाच्या मानासाठी मुलानं तसं ठेवलं, असं लोक म्हणतात. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम या दोन्ही मंदिरांना २००४ मध्ये जागतिक वारशात घेतलं.

पश्चिमेला कल्लणै धरण. करिकाल चोळानं कावेरीवर दगड रचून हा बांध घातला. त्याला अठराशे वर्षं झाली असावीत. इंग्रजांनी तो वाढवला आणि आजही त्याचं पाणी शेतांना जातं. तंजावूरचं भात, त्या भातावरचं मंदिर, मंदिरातलं नृत्य, या सगळ्याचं मूळ या बांधात आहे. पूर्वेला समुद्राकाठी तरंगंबाडी. तंजावूरच्या रघुनाथ नायकानं डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना जागा दिली आणि १६२० मध्ये तिथे डॅन्सबोर्ग किल्ला उभा राहिला.

जाण्यासाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर ऊन सोसत नाही. विमानानं तिरुचिरापल्ली किंवा चेन्नई गाठावं. तिरुचिरापल्लीहून तंजावूर सुमारे ६० किलोमीटर, रेल्वे आणि बस दोन्ही भरपूर. देवळांचे गाभारे दुपारी बंद असतात, तो वेळ राजवाड्याला आणि ग्रंथालयाच्या संग्रहालयाला द्यावा. त्यांच्या सुटीचा वार आधी विचारून घ्यावा.

शहरात फिरताना मानोजीअप्पा वीथी, चावडी अशी नावं पाट्यांवर दिसतात. जुन्या गल्ल्यांत रायर मंडळींची घरं आहेत. तमिळमध्ये दक्षिणी मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. त्यांची मराठी सतराव्या-अठराव्या शतकात इथे आली आणि तमिळ शेजारात वाढली. तिचे काही शब्द आपल्याकडे आता पोथ्यांतच सापडतात. अनेक घरांत ती बोलली जाते, पण लिहायची वेळ आली की हात तमिळ किंवा इंग्रजीकडे वळतो. महाराष्ट्रातून आलेल्याचं उलट. त्याला देवनागरी येते, पण मोडी शाळेतून जाऊन काही पिढ्या लोटल्या. तंजावूरच्या शेकडो गठ्ठ्यांतली जमाखर्चाची, तक्रारींची, औषधांची, छत्रांतल्या शिध्याची मोडी उलगडायला माणसं हवी आहेत. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात. ते शिकणाऱ्यांतल्या दहा-वीस जणांनी तंजावूरची वाट धरली, तरी दोन्हीकडच्या मराठी माणसांना आपलेच कागद वाचून दाखवता येतील.

भोसलेवंशचरित्राला मात्र मोडीची गरज नाही. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, ऊन तिरपं असताना जावं, तेव्हा अक्षरांच्या कडा उठून दिसतात. काही ठिकाणी दगड झिजलाय, दोन शब्दांत अंतर नाही, वळणं जुनी आहेत. पहिली ओळ लावायला वेळ लागतो. बोटानं हवेत अक्षर गिरवत, हळूहळू मोठ्यानं वाचलं की दुसरी लवकर लागते. तोवर मागे कोणीतरी उभं राहिलेलं असतं, आणि हे काय लिहिलंय, अशी तमिळमध्ये विचारणा होते.